विस्मृतीत गेलेले पहारेकरी

भिलाईत राहणाऱ्या माणसास रशियन नावांचे फारसे अप्रूप वाटत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट सरकारशी पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि त्या काळात कितीतरी सोव्हिएट अभियंते येथे येऊन राहून गेले. रविवारी मुलांना मैत्री बागेत पांढरा वाघ दाखवावयास नेणारा आमच्यासारखा बदलीवरचा मराठी कारकूनही त्या बागेच्या नावातील मैत्री कोणाची, हे जाणून असतो. परंतु या अभियंत्यांच्या साठ वर्षे आधी, रशियन साम्राज्यातील ओडेसा बंदरात जन्मलेला एक गृहस्थ मुंबईस येऊन दाखल झाला होता. त्याच्या गुरूने मांडलेला एक विचार शंभर वर्षे मागे पडून पुन्हा वर आला, आणि आज तो आमच्या घरातील औषधाच्या डबीपर्यंत येऊन पोहोचला आहे. त्या विचाराचा प्रवास येथे सांगावयाचा आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या पत्नीच्या दोन्ही गालांवर व नाकाच्या दांडीवर तांबूस चट्टा उमटला. येथील ऊन आमच्या वाचकांपैकी ज्यांनी छत्तीसगढात एक उन्हाळा काढला आहे त्यांना सांगावयास नको. ती मूळची अमरावतीची, उन्हाला सरावलेली. उन्हानेच झाले असेल म्हणून तिने मुलतानी माती लावली. पुढे बोटांचे सांधे दुखू लागले, केस गळू लागले, बारीक ताप राहू लागला. या मुलखात ताप म्हटला की प्रथम मलेरिया. रक्त तपासले, मलेरिया नव्हता. तरी औषध झाले. मग टायफॉइड झाला, अशक्तपणा झाला, मनाचे खेळ झाले. सात महिन्यांनी एका जाणत्या डॉक्टरांनी नाव उच्चारले : ल्यूपस. परतताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, "अहो, माझंच रक्त माझ्यावर का उलटलं?"

डॉक्टरांनी दिलेले उत्तर एका शब्दाचे होते : अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे. शरीराने रोगजंतूंविरुद्ध तयार करावयाची प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध तयार केली. उत्तर खरे होते. तथापि कोणी कोणाला मारले हे कळल्याने भांडण का लागले हे कळत नाही. आम्ही नागपूर विद्यापीठाचे प्राणिशास्त्राचे पदवीधर. पुढे स्पर्धापरीक्षा देऊन कारकून झालो आणि बेडूक, झुरळ, तारामासा सारे फायलींखाली गाडले गेले. त्या रात्रीपासून ते पुन्हा उकरावे लागले.

प्रथम नावाविषयी. ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. लांडग्याने लचका तोडावा तशा चेहऱ्यावर पडणाऱ्या जखमांना मध्ययुगापासून युरोपात हे नाव देत. त्यात त्वचेचा क्षय होता, कर्करोग होता, आणखीही काही होते. एका नावाखाली अनेक रोग भरलेली ती जुनी फाइल १८५१ साली पॅरिसच्या काझेनाव याने उघडली आणि त्यातून 'ल्यूपस एरिथेमॅटो', म्हणजे तांबूस ल्यूपस, हा रोग वेगळा काढला. व्हिएन्नाच्या हेब्रा याने गालांवरील चट्ट्याला फुलपाखराची उपमा दिली. १८७२ साली त्याचा शिष्य व जावई कापोसी याने दाखवून दिले की हा रोग कातडीपुरता राहत नाही. ताप येतो, सांधे धरतात, रोगी दगावतोही. फुलपाखरू आणि लांडगा ही दोन जनावरे एकाच रोगाच्या नावात नांदतात, हे आमच्या पत्नीस सांगितले तेव्हा ती कित्येक दिवसांनी हसली.

इतका इतिहास कातडीचा. पेशींचा इतिहास दुसरीकडे, समुद्रकिनारी सुरू झाला. खार्कोव्हच्या परिसरात १८४५ साली जन्मलेला इल्या मेचनिकॉफ ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता. राजकीय गडबडीस कंटाळून त्याने राजीनामा दिला आणि १८८२ साली तो सिसिलीतील मेसिना येथे सहकुटुंब जाऊन राहिला. तेथे तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. त्या अळ्यांच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी पाहून त्याच्या मनात आले की या पेशी शरीराचे रक्षण करीत असतील काय? त्याने बागेतील गुलाबाच्या झाडाचे काटे आणून एका अळीच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती त्या फिरत्या पेशींनी गर्दी केलेली! तारामाशाला रक्तवाहिन्या नाहीत, मेंदू नाही, पूर्वीच्या दुखण्याची आठवण ठेवणारी यंत्रणा नाही. तरी परक्याला घेरण्याची विद्या त्याच्या अंगी जन्मतः होती. मेचनिकॉफने या पेशींना भक्षक पेशी म्हटले. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी काही याच जातीच्या आहेत, असे प्रतिपादन केले. आज जिला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात तिच्या शास्त्राचा आरंभ हा असा झाला.

मेचनिकॉफचा ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. गुरूच्या पाठोपाठ तोही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला. प्रथम नोकरी मिळाली ती ग्रंथालयात. (कारकुनी पेशाच्या आमच्या वाचकांस यात थोडे समाधान वाटावे.) १८९२ साली त्याने पटकीची लस तयार करून स्वतःला टोचून घेतली, १८९३ साली तो हिंदुस्थानात आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि ऑक्टोबरात सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्याने प्रयोगशाळा थाटली आणि अवघ्या तीन महिन्यांत मारलेल्या जंतूंची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचा पहिला प्रयोग त्याने स्वतःवरच केला; त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा राजी असलेल्या कैद्यांना लस टोचून टोचलेले व न टोचलेले यांची तुलना केली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने काय घडले ते वाचकांस पाठच आहे. रँडचे प्रकरण येथे उगाळीत नाही.

या ठिकाणी थोडे थांबावयास हवे, कारण इतिहासाचा सांधा येथेच बदलला. शरीराच्या संरक्षणाची दोन खाती आहेत. एक मेचनिकॉफने पाहिलेले : दारावरचा पहारेकरी. तो कोणाचे नाव विचारीत नाही. परक्याची सर्वसाधारण खूण दिसली की धरतो आणि गिळतो. ही शक्ती जन्मजात. दुसरे खाते दप्तराचे : एकदा आलेल्या शत्रूची नोंद ठेवणारे, त्याच शत्रूवर नेमकी चालणारी प्रतिपिंडे घडविणारे. ही शक्ती उपार्जित. लस ही या दुसऱ्या खात्याला दिलेली आगाऊ सूचना होय. म्हणजे भक्षक पेशींच्या आचार्याचा शिष्य मुंबईत येऊन यशस्वी झाला तो दुसऱ्या खात्याच्या बळावर.

आणि काळही त्याच खात्याचा होता. १८९० साली बर्लिनमध्ये बेहरिंग व किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वात यांवर प्रतिविष असलेला रक्तद्रव शोधला होता. रक्तद्रवातील पदार्थ मोजता येत, बाटलीत भरता येत, विकताही येत. भक्षक पेशींचे तसे नव्हते. जर्मन शास्त्रज्ञांनी पेशींची बाजू घेणाऱ्या फ्रेंच मंडळींची टिंगल केली. फ्रेंचांनीही उणे ठेवले नाही. १९०८ साली नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिश या दोन्ही पक्षांच्या धुरिणांत वाटून देण्यात आले. समेट झाला खरा, पण तो कागदावर. आमच्या मते शास्त्रातही खातेनिहाय चुरस असते आणि ज्याचे काम आकड्यांत दाखविता येते त्याला मंजुरी लवकर मिळते.

दोन्ही पक्षांना जोडणारा एक माणूस मात्र होता आणि तोही आपल्याकडे येऊन गेलेला. आल्मरॉथ राइट हा इंग्रज वैद्य प्लेग कमिशनचा सभासद म्हणून १८९८ साली हिंदुस्थानात आला होता. १९०३ साली लंडनमध्ये त्याने दाखविले की रक्तद्रवातील काही पदार्थ जंतूंवर बसले म्हणजे भक्षक पेशी ते जंतू झपाट्याने गिळतात. मीठमसाला लावल्याने घास रुचकर व्हावा तसा हा प्रकार. प्रतिपिंडे आणि पूरक द्रव्ये हा तो मसाला, खाणारा तोच जुना पहारेकरी. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी, कारण पुढे पंचेचाळीस वर्षांनी ल्यूपसच्या रोग्याच्या रक्तात हेच दृश्य दिसले आणि तरीही त्याचा अर्थ अर्धाच लावला गेला.

ते दृश्य पाहिले अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या माल्कम हारग्रेव्हज याने. ल्यूपसच्या रोग्यांच्या अस्थिमज्जेत त्याला एक चमत्कारिक पेशी आढळू लागली. ती होती साधीच पांढरी पेशी, परंतु तिच्या पोटात दुसऱ्या कोणत्या तरी पेशीचे केंद्रक गिळलेले, गुळगुळीत गोळ्यासारखे फुगलेले. आणि तिचे स्वतःचे केंद्रक कडेला रेटले गेलेले. १९४८ साली त्याने दोघा सहकाऱ्यांसह हा शोध प्रसिद्ध केला. रोगाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एल. ई. पेशी म्हणू लागले. जगभरच्या इस्पितळांत ही तपासणी सुरू झाली : रक्त काढावयाचे, काही पेशी जाणूनबुजून फोडावयाच्या, थोडा वेळ ठेवावयाचे, मग काचपट्टीवर पसरून रंग देऊन तासन्‌तास शोधीत बसावयाचे. पुढे याहून सोप्या तपासण्या आल्या आणि ही मागे पडली. परंतु दोन पिढ्यांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ते चित्र वहीत काढले आहे.

त्या चित्रात काय होते? फुटलेल्या पेशीचे उघडे केंद्रक, त्यावर बसलेली प्रतिपिंडे व पूरक द्रव्ये, आणि त्याला गिळणारा पहारेकरी. म्हणजे राइटचा मसाला आणि मेचनिकॉफचा भक्षक, दोन्ही एका काचपट्टीवर. शास्त्रज्ञांनी मात्र विचारले ते एवढेच की रक्तद्रवातील कोणत्या पदार्थामुळे हे घडते. तो पदार्थ मिळाला. १९५७ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी ल्यूपसच्या रोग्यांत डी.एन.ए. विरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. त्याच वर्षी चमकत्या रंगाने केंद्रकविरोधी प्रतिपिंडे ओळखण्याची पद्धत आली. शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करणार नाही, निसर्गाला त्याचे भयच आहे, असे मत एर्लिशने शतकाच्या आरंभी मांडले होते, ते कोसळले. हा पराक्रम लहान नव्हे. परंतु त्याच्या तेजात गिळणारी पेशी दिसेनाशी झाली. कचरा उचलणारा म्हणून तिची नोंद झाली. कचरा उचलताना त्याने काय वाचले आणि कोणाला वर्दी दिली, हे कोणी विचारले नाही.

अशी गोष्ट केवळ ज्ञानाच्या बाबतीत घडली असती तर चालले असते. औषधाचीही हीच कथा आहे. सिंकोनाच्या सालीपासून होणारे क्विनाइन ही हिंदुस्थान सरकारची जुनी जिव्हाळ्याची वस्तू. १८९२ पासून प्रथम बंगालात आणि पुढे इतर प्रांतांत पोस्टाच्या खिडकीवर एका पैशाला क्विनाइनची पुडी मिळे. पोस्टातल्या आमच्या पूर्वजांनी मनीऑर्डरींबरोबर त्याही पुड्यांचा हिशेब ठेवलेला आहे. १८९४ साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातील पेन याने ल्यूपसच्या रोग्यांना क्विनाइन देऊन गुण येतो असे लिहिले. त्याची उपपत्ती चुकीची होती, औषध मात्र बरोबर होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात मलेरियाच्या मुलखातील सैनिकांना मेपाक्रिनच्या गोळ्या देत. त्यांतील काहींचे अंगावरचे चट्टे व सांधेदुखी बरी झाली. १९५१ साली पेज याने 'लॅन्सेट'मध्ये ल्यूपसच्या अठरा रोग्यांवरील मेपाक्रिनचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर क्लोरोक्विन आले, आणि १९५५ साली त्याचेच सौम्य भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अमेरिकेत मान्य झाले. मलेरियाचे औषध ल्यूपसला का लागू पडते हे सांगणारा मात्र कोणी नव्हता. म्हणजे पत्नीला पहिल्या महिन्यात मलेरिया म्हणून ज्या जातीचे औषध मिळाले त्याच जातीचे औषध आज तिला जन्मभर घ्यावयाचे आहे. चुकीच्या निदानाला योग्य औषधाचा असा स्पर्श व्हावा, याला दैव म्हणावे की विनोद, हे आम्ही ठरविलेले नाही.

कोडे सुटण्याचा मार्ग माश्यांतून गेला. १९८५ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे फळमाशीच्या गर्भाची घडण ठरविणाऱ्या एका जनुकास 'टोल' असे नाव मिळाले. जर्मन भाषेत तो 'वा! छान!' अशा अर्थाचा उद्गार आहे. रायपूर-नागपूर रस्त्यावर आमच्याकडून जो वसूल होतो त्या टोलशी याचा संबंध नाही. १९८९ साली येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे याने भर सभेत आपल्याच शास्त्राचे वाभाडे काढले. लसीत निव्वळ शुद्ध प्रथिन घातले तर प्रतिपिंडे फारशी होत नाहीत, जंतूंचा अंश मिसळावा लागतो; हे सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे असे की दप्तर स्वतःहून हलत नाही. दारावरच्या पहारेकऱ्याने जंतूची खूण ओळखून वर्दी दिली तरच हलते. अशी खूण ओळखणारे ग्राहक पेशींवर असलेच पाहिजेत, असे भाकीत त्याने केले. १९९६ साली स्ट्रासबुर्ग येथे झूल हॉफमन याच्या प्रयोगशाळेत दिसले की टोल जनुक बिघडलेल्या माशीच्या अंगावर बुरशी वाढते आणि ती मरते. १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉइटलर याने उंदरात तसाच ग्राहक दाखविला. या दोघांना २०११ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मेचनिकॉफच्या खात्याला १०३ वर्षांनी मिळालेली ही बढतीच.

सस्तन प्राण्यांत असे दहाबारा ग्राहक निघाले. त्यांतील सातवा व नववा आमच्या कथेचे नायक, किंवा खलनायक. सातवा आर.एन.ए. ओळखतो, नववा डी.एन.ए. विषाणू व जंतू यांचे हे घटक पेशीच्या आतल्या आम्लयुक्त पिशव्यांत पोहोचले की हे ग्राहक घंटा वाजवितात. परंतु डी.एन.ए. आपल्याही केंद्रकात आहेच. मग घंटा सदैव का वाजत नाही? तर आपले केंद्रक त्या पिशवीत जाऊ नये अशी शरीराची व्यवस्था असते. मेलेल्या पेशी गाजावाजा न होता उचलल्या जातात आणि त्यांतील डी.एन.ए. वेळीच नष्ट केले जाते. ही सफाई बिघडली, आणि प्रतिपिंडांनी मसाला लावलेले केंद्रक पहारेकऱ्याने गिळले, की आपलेच डी.एन.ए. नेमके त्या घंटेपाशी जाऊन पोहोचते. २००२ साली उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांनी हा मार्ग दाखविला. हारग्रेव्हजच्या काचपट्टीवरील पेशीने केंद्रक गिळले होते. पण गिळल्यानंतर काय होते, हे कळण्यास चौपन्न वर्षे लागली.

घंटा वाजल्यावर जे पाझरते त्याचे नाव इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमन यांनी विषाणूंना अडविणारा पदार्थ म्हणून ते शोधले. १९७९ साली ल्यूपसच्या रोग्यांच्या रक्तात ते वाढलेले दिसले. १९९० साली स्वीडनमध्ये, अर्बुदावर उपाय म्हणून इंटरफेरॉन टोचलेल्या रोग्यास ल्यूपस झाल्याचे नमूद झाले. तरीही अनेकांना तो योगायोग वाटला. अखेर २००३ साली अमेरिकेतील दोन गटांनी रोग्यांच्या रक्तपेशींतील हजारो जनुके एकदम तपासली, तेव्हा इंटरफेरॉनने चेतविलेल्या जनुकांचा ठसा उघड दिसला. अंगात विषाणू नाही आणि शरीर मात्र विषाणूशी लढत आहे, असा तो ठसा होता. बारीक ताप, गळून जाणे, अंग मोडून येणे ही पत्नीची गाऱ्हाणी 'मनाचे खेळ' ठरली होती. फ्लू झालेल्या माणसाला असेच वाटते, कारण तेथेही हेच द्रव्य काम करीत असते; फरक इतकाच की त्याचा फ्लू आठवड्यात जातो.

मे महिन्याच्या उन्हाचाही उलगडा यात झाला. उन्हातील अतिनील किरणांनी कातडीतील पेशी मरतात. निरोग्यात त्या उचलल्या जातात, ल्यूपसच्या रोग्यात तोच दारूगोळा ठरतो. पूरक द्रव्यांचे कामही नव्याने उमगले. त्यांपैकी सी-१-क्यू नावाचे द्रव्य ज्यांच्यात जन्मतः नसते अशा थोड्या अभागी मंडळींपैकी बहुतेकांना ल्यूपस होतो. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी हे द्रव्य नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत मेलेल्या पेशींचे अवशेष न उचललेले आढळले. २००४ साली बर्लिनमध्ये तर असे दिसले की काही पांढऱ्या पेशी जंतूंना पकडण्यासाठी स्वतःच्याच डी.एन.ए.चे जाळे बाहेर फेकतात. शत्रूवर टाकलेले हे जाळे ल्यूपसमध्ये पुरते आवरले जात नाही आणि पुन्हा घंटा वाजविते. पहारेकऱ्यांचा दोष एवढाच की ते फार इमानी आहेत.

आणि औषध? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पेशीतील त्या आम्लयुक्त पिशव्यांत साचते, तेथील आम्लता कमी करते, आणि सातव्या व नवव्या ग्राहकांची घंटा मंदावते. मलेरियाचा परजीवीही रक्तपेशीतील रंगद्रव्य आपल्या आम्लयुक्त पिशवीतच पचवितो, म्हणून त्यालाही हे औषध बाधते. पेन याने १८९४ साली अंधारात टाकलेला दगड योग्य दारावर पडला होता.

हे आम्ही जुळवीत होतो तोच २०२० चा मार्च उजाडला. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालेल अशी हूल उठली. २३ मार्चच्या सुमारास वैद्यकीय कर्मचारी व रोग्यांच्या घरची माणसे यांनी ते प्रतिबंधक म्हणून घ्यावे अशी शिफारस निघाली, २५ मार्चला निर्यातबंदी झाली, लगेच विक्रीवर निर्बंध आले. तोवर धास्तावलेल्या लोकांनी दुकाने रिकामी केली होती. आमच्याकडे अकरा गोळ्या उरल्या होत्या. टाळेबंदीत पास काढून सायकलीने सेक्टर पालथे घातले. एका दुकानदाराने चिठ्ठी हाती घेऊन म्हटले, "साहब, सबको यही चाहिए." हिची चिठ्ठी जुनी होती हे त्याला दाखविले, तो बिचारा काय करणार? पत्नी एक दिवसाआड गोळी घेऊ लागली आणि हे तिने आमच्यापासून नऊ दिवस लपविले. शेवटी दुर्गच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी, ज्यांच्या वडिलांना संधिवातासाठी हेच औषध चालू होते, एक पाकीट आणून दिले. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर या औषधाचा उपयोग नाही असे सिद्ध झाले. ज्यांना ते निश्चित लागू पडते त्यांची मोजदाद त्या गर्दीत कोणी केली नव्हती. दिल्लीजवळील एका पाहणीत लाखात सुमारे तिघांना ल्यूपस असल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले होते. लाखात तीन म्हणजे कोणत्याही दुकानाच्या रांगेत एकही नाही.

दहा रोग्यांत नऊ बायका का, हाही प्रश्न याच वाटेने थोडा सुटला आहे. सातव्या ग्राहकाचे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या दोन एक्सपैकी एक गप्प केलेले असते, परंतु हे जनुक कित्येकदा त्या गप्प एक्सवरूनही बोलत राहते. २०२२ साली स्पेनमधील एका मुलीच्या बाबतीत या एकाच जनुकातील एका अक्षराच्या बदलाने ल्यूपस झाल्याचे दाखविण्यात आले. तोच बदल उंदरात घातला तर उंदरालाही रोग झाला. सर्वांचा रोग एका अक्षराचा नसतो, पण पहारेकऱ्याची घंटा अधिक हलकी झाली तर दप्तरही वेडे होते, हे त्यावरून पक्के झाले. इंटरफेरॉनचा मार्ग अडविणारे अनिफ्रोलुमॅब हे औषध २०२१ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याची किंमत आम्ही एकदा पाहिली आणि तो कागद मिटून ठेवला.

गेल्या वर्षी सासुरवाडीच्या एका लग्नानिमित्त मुंबईस जाणे झाले. त्यात एक दिवस परळसाठी राखला. आचार्य दोंदे मार्गावर के. ई. एम. इस्पितळ आहे. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली 'बाँबे' रक्तगट जगापुढे मांडला, आणि १९५७ पासून रक्तगटांच्या तपासणीसाठी सुरू झालेले वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र वाढत जाऊन या इस्पितळाच्या आवारात राष्ट्रीय संस्था म्हणून नांदते आहे. जन्मजात प्रतिकाराचे मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन म्हणून एक द्रव्य आहे. पश्चिम भारतातील ल्यूपसच्या रोग्यांत त्याच्या जनुकाचे भेद तपासणारा येथील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या माणसांच्या रक्तात ही उकल कोणी शोधीत आहे, हे वाचून आम्हांस झालेले समाधान शास्त्रीय नव्हते, एवढे कबूल करतो.

तेथून काही पावलांवर हाफकिन संस्था. १८९९ साली जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली, १९२५ साली तिला हाफकिनचे नाव मिळाले. मधल्या काळात, १९०२ साली, पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनच्या माथी आला, आणि तो निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडले. सरकारी नोकरीत चौकशी प्रलंबित राहणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या वाचकांना अधिक सांगत नाही.

ऊन चढले होते. पत्नीने छत्री उघडली, पदर गालांवरून ओढून घेतला आणि फाटकापाशी उभे राहून पाटीवरचे नाव वाचले. "हाच का तुमच्या तारामाशाचा शिष्य?" तिने विचारले. आम्ही हो म्हटले. मग दुपारच्या गोळीची वेळ झाली म्हणून समोरच्या टपरीवर पाण्याची बाटली घ्यावयास गेलो.